दोघीदोघींची पंचमी

(टपालाने)
सांगली, १२ जुलै १९४३

सौ. राहीवहिनीस मनूचा नमस्कार.

इथं सगळे बरे आहोत, म्हणजे बरे म्हणायचं आणि पुढं चालायचं. रॉकेलसाठी सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहायचं आणि आपला नंबर यायच्या आत दुकानदारानं फळी लावायची, असं चाललंय. साखर डोळ्याला दिसत नाही. मालक वखारीत हळदीची पोती तोलतात आणि संध्याकाळी पिवळे होऊन घरी येतात. तेवढाच काय तो रंग आमच्या घरात उरलाय.

वहिनी, आता मुद्द्याचं लिहिते. गेल्या साली तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा गेला, त्या दिवसापासून माझा भाऊ घराबाहेर आहे. दहा महिने होत आले. आकारामदादा कुठं आहे मला ठाऊक नाही. पण त्याच्यापायी चिंचेवाडीत पोलिसांचं ठाणं बसलंय, आणि तो हजर झाल्याशिवाय ठाणं उठायचं नाही अशी दवंडी जमादारानं दिलीय, हे इथवर ऐकू आलं. बायका तुझ्या दारावरून जाताना पदर ओढून पुढं जातात, हेही ऐकलं. ते ऐकून मला जेवण गेलं नाही.

मालकांनी ओळखीच्या वकिलाकडून अर्ज लिहून घेतलाय. झाल्या गोष्टीची माफी मागतो आणि सोबत्यांची नावं देतो, असा मजकूर आहे. खाली दादाची सही तेवढी व्हायची. फार तर वर्षभर तुरुंग आणि मग घर. तो दुसऱ्या कुणाचं ऐकायचा नाही, तुझं ऐकेल. तू नुसता ‘या’ असा एक शब्द लिहिलास, तर तो कुठून ना कुठून त्याच्या कानावर जाईल. आणि ‘नको’ म्हटलंस, तर मी पुन्हा विचारायची नाही. पण विचार करून लिही. किती दिवस एकटीनं काढशील?

यंदा पंचमीला मी माहेरी येत नाही. न्यायला येणारा भाऊच नाही, तर कुणाबरोबर येऊ?

तुझी नणंद,
मनू


(टपालाने)
चिंचेवाडी, २० जुलै १९४३

सौ. मनुवन्संस राहीचा नमस्कार. आणि हे पत्र आधी फोडून वाचणाऱ्या जमादारसाहेबांनाही नमस्कार. पाकीट परत चिकटवताना भात जरा बेतानं लावावा. मागच्या पाकिटाला इतकी शितं होती, की माझ्या आधी मुंग्यांनीच ते वाचून काढलं.

वन्सं, तुमचं पत्र वाचून मला राग आला. तुमच्यावर नाही, त्या अर्जावर. सोबत्यांची नावं द्यायची म्हणता. ती नावं काय परक्या मुलखातली आहेत? ज्या बायका आज पदर ओढून माझ्या दारावरून जातात, त्यांचेच नवरे आणि पोरं आहेत ती. कुणाकुणाची ते इथं लिहायची नाही, जमादारसाहेब वाचताहेत. आज त्या चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत, उद्या जन्मभर बोलायच्या नाहीत, आणि तेव्हा त्यांचं बरोबर असेल.

माझे हाल होतात असं तुम्ही लिहिता. होतात, नाही कशाला म्हणू? पण माझा दिवस कसा जातो तेही ऐका. सकाळी उठल्यावर मी मिश्री लावत उंबऱ्यावर बसते, चावडीकडं तोंड करून, चांगली अर्धा तास. चावडीतले शिपाई बघत बसतात. घाई कशाची? मग चहा. साखर नाही, गूळ आहे. गुळाचा चहा दूध घालून उकळला की फाटतो, म्हणून आधी कोरा उकळायचा, खाली उतरायचा आणि मग वरून दूध सोडायचं. तुम्हीही करून बघा. तव्यावरची पहिली भाकरी मी कुणासाठी ठेवत नाही. तिचा पापुद्रा उचलायचा, आत ठेचा आणि तेलाचे चार थेंब, आणि चुलीपुढंच बसून खायची.

मागच्या महिन्यात झडती झाली, तेव्हा पोलिसांनी माझी सगळी उतरंड फोडली. तुमच्या आईच्या हातची मडकी होती ती. मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी त्या खापरांत माती भरून मेथी पेरली. परवा पहिली जुडी खुडली, लसूण टाकून केली. एवढी गोड मेथी मी आजवर खाल्ली नव्हती.

पंचमीला दारच्या लिंबाला झोका बांधणार आहे. जमावबंदी आहे, पाच माणसं एका जागी जमायची नाहीत. पण झोक्यावर काय पाचजणी बसतात?

‘या’ हा शब्द माझ्या हातून लिहून होणार नाही. मला अक्षरं तुमच्या दादांनी शिकवली, चुलीतली राख पसरून, माझं बोट धरून. त्यांनी शिकवलेल्या अक्षरांनी त्यांनाच धरून देऊ म्हणता?

राही


(टपालाने)
सांगली, २७ जुलै १९४३

सौ. राहीवहिनीस,

पत्र पोचलं. हसले आणि रडले. गुळाचा चहा करून बघितला, फाटला नाही.

पण वहिनी, तू मला बरं वाटावं म्हणून लिहितेस की खरंच तसं आहे? तुला पहिल्यापासून रडं दाखवायची सवय नाही, हे मला आणि दादाला दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून परत विचारते. गावात तुझ्या बाजूचं कुणी आहे का? पाण्याला एकटीच जातेस का? बायका बोलायला लागल्या का? तोंडदेखलं लिहू नकोस. पंचमी झाली की लगेच, बारीकसारीक सगळं लिही. मला एक गोष्ट ठरवायची आहे आणि ती तुझ्या पत्रावर आहे. दहा-बारा दिवसांपलीकडं मला थांबता येणार नाही.

कडेगावच्या मोटारीनं येणाऱ्या माणसाबरोबर मिश्रीची पुडी आणि मेंदी पाठवली आहे. घरात ताप आहे, सारखा काढा चालू आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. झोक्याचं मनावर घेऊ नकोस. ते लोक मारायला मागंपुढं बघत नाहीत.

मनू


(टपालाने)
चिंचेवाडी, ७ ऑगस्ट १९४३

सौ. मनुवन्संस,

नानासोभाऊजींचा ताप उतरला असेल. तुम्हाला काय एवढं ठरवायचं आहे ते मला कळलं नाही. घरात काही वाजलं असेल तर भाऊजींना दोन दिवस गोड बोला, पुरुषमाणूस तापात किरकिर करायचंच. बारीकसारीक मागितलंत, म्हणून आता बसून वाचा.

चवथीला सगळ्या बायकांनी भावाचा उपास धरला. ज्यांचे भाऊ रानोमाळ आहेत त्यांनी जरा जास्तच कडक धरला. पंचमीला पुरणाची दिंडं उकडली. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. बोटांवर तुमची मेंदी चढली होती, लय लाल.

आदल्या दिवशीच दवंडी झाली होती. वारुळाला जायचं तर एकेकटीनं आणि मुकाट्यानं, फेर धरायचा नाही. सकाळी मी झोका बांधला आणि दिवस कासराभर वर यायच्या आत जमादारानं तो कापला. दोर गुंडाळून चावडीत नेऊन ठेवला, जसा काही दोरच फरारी होता.

दुपारी मी देवळाच्या अंगाला चालले होते. पारापाशी अंबूबाई उभ्या होत्या. साठी उलटलेली बाई, चार महिने माझ्याशी शब्द नाही. त्यांनी मला आडवलं आणि दोन्ही हात पुढं केले.

“धर,” म्हणाल्या.

“काय धरू, आत्त्या?”

“हात धर माजं. फुगडी घालूया.”

“आवं, जमावबंदी हाय.”

“पाचाची हाय न्हवं? आपुन दोघी हाव. मोजता येतंय का न्हाई तुला?”

मी हात धरले. सुरुवातीला हळू, मग म्हातारीनं असा जोर धरला की माझाच पदर सुटला. समोरच्या लीलाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी सुपातल्या लाह्या खाली ठेवल्या, जावेला ओढून बाहेर आणलं आणि आमच्यापासून दहा हात सोडून त्या दोघी फिरायला लागल्या. मग बयाबाई आणि तिची सून. मग चौघींची फुगडी, पलीकडं परत दोघी. तासाभरात चावडीपासून ओढ्यापर्यंत सगळी वाट फिरत होती आणि कुठंही पाचजणी नव्हत्या.

जमादार दोन शिपाई घेऊन धावत आला. आणि वन्सं, तो खरंच मोजायला लागला. “दोघी. ह्या दोघी. ह्या चौघी. ए, तू कुनातली?” मोजता मोजता पहिल्या दोघींची जागा बदलायची, की परत पहिल्यापासून. शेवटी फुगडी न घालता त्यालाच गरगरायला लागलं.

तेव्हा अंबूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, “जमादार, आमी दोघी हाव. तुमी तिघं हाव. आनि दोघं आलं, तर तुमचाच जमाव हुतोय बगा.”

शिपायांतला एक खुदकन हसला. त्यानं जमादाराचं डोकं फिरलं. माझ्याकडं बोट करून तो ओरडला, “हीच मेन हाय ह्यातली! सांगलीस्नं नणंदेनं मिश्री धाडलीया, म्हून एवढा जोर आलाय व्हय?”

मिश्रीचं मी गावात कुणालाही बोलले नव्हते. वाटेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हशा पिकला. आता अख्ख्या गावाला ठाऊक आहे, राहीची पत्रं कोण वाचतं ते.

आम्ही तशाच दोघीदोघींनी वारुळापर्यंत गेलो. एक ओळ पुढच्या दोघींनी म्हणायची, दुसरी मागच्या दोघींनी उचलायची. फेर धरला असता तर एवढा लांब आवाज गेला नसता.

परतल्यावर मला तीन तास चावडीत बसवून ठेवलं. मारलं नाही. दर थोड्या वेळानं दोघी यायच्या, माझ्यापुढं दिंडं ठेवायच्या आणि जायच्या. एकोणीस दिंडं झाली. त्यातलं एक मी जमादाराला दिलं. त्यानं खाल्लं. जमादारसाहेब, हे लिहिल्याचा राग धरू नका, तुपाचे हात पुसून परत मागितलं होतंत.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. पाण्याला मी आता एकटी जात नाही. रोज कुणी ना कुणी बरोबर असते. पाचजणी नाही, दोघी असतो. माझं बरं चाललंय. माझ्याकडून तो शब्द पुन्हा मागू नका.

राही


(हातोहात, घोंगड्या विकणाऱ्या धुळ्याबरोबर)
सांगली, १४ ऑगस्ट १९४३

वहिनी,

हे पत्र टपालानं नाही. वाचलंस की चुलीत घाल. धुळा आपला माणूस आहे, त्याला काही विचारू नकोस.

मी तुला खोटं लिहीत होते. दादा माझ्याच घरात होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो हमालांत मिसळून वखारीत आला. डोक्यावर पोतं, अंगभर हळद, आणि अंगात असा ताप की मालकांनी हात लावला आणि मागं घेतला. महिनाभर माझ्या घरात पोत्यांच्या आड पडून होता. मी तुला पहिलं पत्र लिहिलं, तेव्हा चार हातांवर घोंगडं पांघरून कण्हत होता. काढा त्याच्यासाठी होता. मालक ठणठणीत आहेत आणि आमचं घरात काही वाजलेलं नाही, त्यांना उगाच किरकिर्‍या म्हणालीस.

अर्जाचं मी काढलं, वकील मालकांनी गाठला. दादा आधी ऐकून घेईना. पण तापानं माणूस खचतो. तो सारखा एकच म्हणायचा, “राही एकटी पडली माझ्यापायी. गावानं टाकलंय तिला.” तुझं मेथीचं पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाला, “ती मला बरं वाटावं म्हून लिहितीया.” मग मी तुला ते दुसरं पत्र लिहिलं, खरं सांग म्हणून. तुझं उत्तर येईना, तेव्हा ९ ऑगस्टला त्यानं अर्जावर सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांबरोबर हद्दीपलीकडं खालशात, इंग्रजांच्या मुलखात, जाऊन हजर व्हायचं ठरलं. सांगलीतच हजर झालो तर संस्थानचे पोलीस तुमच्या घरापर्यंत येतील, असं तोच म्हणाला. मी त्याची कापडं धुऊन ठेवली. खरं सांगते वहिनी, मला हायसं वाटत होतं. एकदाचं संपलं म्हणून.

दहा तारखेला तो धुतलेला सदरा घालून बसला होता आणि तुझं पत्र आलं.

मी मोठ्यानं वाचलं. जमादाराचाच जमाव होतो तिथं तो असा हसला की खोकला आवरेना, मी पाणी दिलं. मग म्हणाला, परत वाच. पुन्हा वाचलं. अंबूबाईंनी हात पुढं केले तिथं मला थांबवलं. “अंबूआत्त्यानं? तिनं सोताहून हात दिला?” तीन वेळा विचारलं. त्या अर्जाप्रमाणं पहिलं नाव द्यायचं ते तिच्याच पोराचं, जोतीरामाचं होतं. मग म्हणाला, “मने, भाकरी टाक.” महिन्यात पहिल्यांदा त्यानं तोंडानं भाकरी मागितली. तीन खाल्ल्या.

त्याच दुपारी धुतलेला सदरा काढला, परत हळदीचं फडकं गुंडाळलं आणि डोक्यावर पोतं घेऊन हमालांबरोबर गेला. कुठं, ते मी विचारलं नाही. तो जायच्या आधी अर्ज मी चुलीत घालणार होते. तो म्हणाला, “कागद मिळतोय कुठं? खालचा तुकडा कोरा हाय.” सही आणि मजकूर फाडून चुलीत टाकला आणि खालच्या कोऱ्या तुकड्यावर तुला चार ओळी लिहिल्या. बरोबर पाठवते.

मी चुकले, वहिनी. तुझा जीव वाचवायचा म्हणून तुझं गाव तुझ्यापासून तोडायला निघाले होते. काल रॉकेलच्या रांगेत उभी होते. दुकानदारानं फळी लावली, तशी मागच्या बाईला म्हटलं, फुगडी येते का? तिला वाटलं मला वेड लागलं. पण मग आली. आम्ही डबे खाली ठेवून दोन गिरक्या घेतल्या. रॉकेल मिळालं नाही.

मनू


(अर्जाच्या तुकड्यावर, पेन्सिलीनं)

राही,

ताप उतरला. तुझं पत्र दोनदा ऐकलं. तुझी फुगडी लग्नाच्या साली बघितली होती, आता ती ऐकायची पाळी आली याचं वाईट वाटतं. अंबूआत्त्याला सांग, जोतीराम बरा आहे, जाड झालाय, तिला ओळखू यायचा नाही. मी परत जातोय. तू तो शब्द लिहिला नाहीस हे बरं केलंस. लिहिला असतास तर मी आलो असतो.

आकाराम


(हातोहात, धुळ्याबरोबर)
चिंचेवाडी, १९ ऑगस्ट १९४३

वन्सं,

सगळं पोचलं. चार ओळी मी पाठ केल्या, मग अंबूआत्त्यांना म्हणून दाखवल्या. पोरगा जाड झाला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “जाड न्हाई हुईत त्यो, सुजला आसंल.” मग पदर तोंडाला लावून हसत बसल्या. कागद आम्ही दोघींनी मिळून जाळला.

माझ्या नवऱ्याला तुम्ही महिनाभर सांभाळलंत, त्यांचं अंग पुसलंत, काढा पाजलात. त्याच्यापुढं अर्जाचं मी मनात धरणार नाही. आणि खोटं तुम्ही एकट्याच बोलला नाहीत.

पंचमीच्या दुपारी मी देवळाच्या अंगाला चालले होते असं लिहिलं. चावडी देवळाला लागूनच आहे. मी चावडीत चालले होते.

सकाळी जमादारानं झोका कापला आणि माझ्यातलं सगळं बळ गेलं. तुम्ही म्हणाल, एवढ्या उतरंडी फुटल्या तेव्हा गेलं नाही आणि एका दोरानं कसं गेलं. मलाही सांगता येत नाही. मी दिंडं केली होती आणि ती द्यायला एक माणूस नव्हतं. एवढ्या मिश्र्या, एवढे चहा, ती मेथी, सगळं मी एकटीच केलं, आणि त्या दिवशी मला ते एकटीनं करायचा कंटाळा आला. मी कागद घेतला. त्यावर तुम्ही मागितलेला तो एक शब्द लिहिला आणि पदराच्या गाठीत बांधला. जमादाराच्या हातात देणार होते. म्हणणार होते, तुम्हीच सगळ्या गावांतून फिरवा हा, माझा माणूस येईल, तुमचं ठाणं उठवा.

चावडी पन्नास पावलांवर राहिली होती. तेवढ्यात म्हातारीनं हात पुढं केले.

काल मी त्यांना विचारलं, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का? त्या म्हणाल्या, “तुजं त्वांड बगितलं. असं त्वांड घिऊन बाई चावडीत जाती, तवा कायतरी दिऊनच येती. म्हटलं, आदी फुगडी घालू. मग जायाचं आसंल तर जाईल.”

“आनि गेले आसते तर?”

“तर मी काय तुला बांदून ठिवनार हुते व्हय? पर घाम आल्याबिगर सोडली नसती.”

चार महिने त्या बोलत नव्हत्या ते रागानं नाही, वन्सं. आपण बोललो तर राहीच्या घरावर अजून डोळा येईल, म्हणून बोलत नव्हत्या. मी ते दुसरंच समजून बसले होते. सगळ्या बायका तशाच. एकमेकींना जपायचं म्हणून एकमेकींपासून लांब राहत होतो, आणि पोलिसांना तेच पाहिजे होतं.

कागद त्या फुगडीत गाठीतून कुठं पडला कुणास ठाऊक. चावडीतून सुटून आल्यावर मी गाठ सोडली तर रिकामी होती. दोन दिवस जीव थाऱ्यावर नव्हता, कुणाला सापडला तर. मग पाऊस झाला. आता सापडला तरी कुणाला वाचता यायचा नाही.

ठाणं अजून आहे. जमादारानं नवी दवंडी दिली आहे, की वाटेवर दोघींनीही हात धरून उभं राहायचं नाही. काल आम्ही ओढ्याला धुणं धुवायला गेलो. लुगडं पिळायला दोघी लागतात, मधे नऊवार अंतर असतं आणि हात धरलेले नसतात. पिळत पिळत आम्ही गोल फिरत होतो. काठावर शिपाई उभा होता, त्याला काही लिहून घ्यायला सुचेना.

हे तुमच्या दादांपर्यंत पोचवा, जमेल तसं. काही लपवू नका. माझा शब्द न आल्यानं ते थांबले, तर तो शब्द मी लिहिला होता हेही त्यांना कळू दे. मी काही दगडाची नाही, आणि मी तशी आहे असं समजून त्यांनी रानात दिवस काढलेले मला नको आहेत. म्हणावं, राहीसुद्धा निघाली होती, पन्नास पावलांवर गेली होती. पण परत निघायची नाही. घाबरायचं ते तिचं घाबरून झालं.

राही